तिसऱ्यांदा धुतलेली वाळू

डार्मश्टाट, ६ एप्रिल २०२५

यमुनाअक्का,

पाया पडतो. तू पाय मागे घेतलेस तरी इथून मला दिसणार नाही. लांब राहण्याचा तेवढा एक फायदा.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॅपवर माझ्या मेसेजपुढे एकच खूण येते, दुसरी काही केल्या येत नाही. त्याचा अर्थ मला अन्वीनं समजावला. "पपा, झी हाट डिश ब्लॉकिअर्ट." म्हणजे आत्यानं तुला बंद केलंय. चौदा वर्षांची झाली पोर. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. तर म्हटलं कागद लिहावा. पोस्टमनला तू बंद करू शकत नाहीस. फार तर कागद चुलीत घालशील, पण तुझ्याकडे आता गॅस आहे.

दोन वर्षं दोन महिने झाले. त्या फेब्रुवारीतल्या सकाळबद्दल आज लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मला तू पुन्हा बोलायला हवी आहेस एवढंच खरं. पण आज दुसरंच सांगायचं आहे, आणि ते तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

मी सोनं शोधायचं मशीन शिकतोय.

हसून घे. आबांचा मुलगा, यमुनाचा भाऊ, वयाच्या बावन्नाव्या वर्षी सोनं शोधायला मशीन शिकतोय, तेही चौसष्ट पानांचं जर्मन पुस्तक वाचून. झालं असं की आमचे हेर ब्रांट, हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत', अठरा वर्षं माझे साहेब, डिसेंबरात रिटायर झाले. त्यांना नदीकाठी सोनं धुण्याचा जुना नाद. रिटायर झाल्यावर त्यांनी हे नवं मशीन घेतलं, आणि त्याच महिन्यात गुडघ्यांनी राजीनामा दिला. मला म्हणाले, "हेर झारेकर, तुम्ही शिका, मी खुर्चीत बसून बघतो." इथे आडनावावरून कुणाला काही कळत नाही, अक्का. झारेकर म्हणजे सराफांच्या दारातली धूळ गोळा करून धुणारे, हे या देशात एकाही माणसाला ठाऊक नाही. खरं सांगायचं तर मला इथे आवडलं त्यातलं हे एक कारण.

मशीन म्हणजे एक काठी. खाली जेवणाच्या ताटलीएवढी तबकडी, वर मुठीपाशी छोटा डबा, कानावर हेडफोन. तबकडी जमिनीलगत हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायची. खाली धातू असला की कानात आवाज बदलतो. पहिल्या शनिवारी मी त्यांच्या बागेत गेलो आणि मशीन लावताक्षणी किंचाळायला लागलं. मी खणलं. काही नाही. पुढे सरकलो, पुन्हा किंचाळी. पाऊण तासात सात खड्डे, सगळे माझ्याच पायाशी. हेर ब्रांट खुर्चीत बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "हं... बूट काढून बघता का जरा?" मी कारखान्यातले बूट घालून गेलो होतो. त्यांच्या पुढच्या टोकात पोलादाची वाटी असते. मशीन इमानदारीनं माझे पाय शोधत होतं.

मग मोज्यांवर उभा राहून शिकलो. आता खरी गोष्ट ऐक. या मशीनला आधी जमीन शिकवावी लागते. मोकळ्या जागी तबकडी वर-खाली, वर-खाली करायची. जमिनीला स्वतःचा आवाज असतो, अक्का. मातीतलं लोखंड, खडीतलं लोखंड, सगळं मिळून गुणगुणत असतं. मशीनला ते ऐकवत राहायचं, एक चाकी थोडी थोडी फिरवायची, आणि एका क्षणी जमीन गप्प होते. मग जे जमिनीचं नाही तेवढंच बोलतं. मला आबा आठवले. सराफ कट्ट्यावर गेल्या गेल्या कधी वाकायचे नाहीत. कुंचा बगलेत धरून नुसते उभे. काल वारा कुठून होता, कुठल्या सराफानं पायरीवर पाणी टाकलं, सगळं बघून घ्यायचे. "आधी गल्ली ऐक, मग वाक," असं तुला म्हणायचे. मला नाही म्हणायचे, कारण मी यायचोच नाही.

हेर ब्रांटनी मातीत सोन्याची एक कणी पुरून ठेवली होती, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी. दोन तास लागले. तिचा आवाज नीटसा आवाजही नव्हता. झोपलेल्या बाळानं कूस बदलावी तसं गुणगुणणं जरासं हललं. वीतभर मातीखाली एवढीशी कणी आणि ती माझ्या कानात बोलली.

मग केलरमध्ये, म्हणजे तळघरात, मशीन पुसून ठेवलं. तिथे त्यांनी स्वतः काढलेले फोटो भिंतीवर लावलेत. नॉर्वे, आल्प्स, एक आपल्याकडचाही आहे. असो.

तुझा,
वासू


डार्मश्टाट, ११ मे २०२५

अक्का,

उत्तर नाही आलं. येईल असं समजून रोज खाली जाऊन पेटी उघडतो. क्षमा म्हणाली, "अहो, पोस्ट दिवसातून एकदाच येते." तुझ्या भावजयीला माझी कीव येते की राग येतो ते तिनं अजून ठरवलेलं नाही.

मागच्या पत्रात मी 'असो' लिहिलं. तू तिथेच बोट ठेवलं असणार. लहानपणी मी निकाल सांगताना मधेच 'असो' म्हटलं की तू विचारायचीस, "गणितात किती?"

तो फोटो तुझा आहे.

मोठा केलेला, काळ्या चौकटीत. सराफ कट्टा, दुकानं बंद, एकाच पायरीवर ट्यूबलाइट. तू वाकलेली, हातात कुंचा, पुढे धुळीचा छोटा ढीग. चेहरा अर्धा दिसतो. हेर ब्रांटना त्यातला उजेड फार आवडतो. पाहुण्यांना सांगतात, "ही हेर झारेकरांच्या गावची झाडूवाली." दर शनिवारी मी त्या फोटोखालच्या बाकावर बसून मशीनची बॅटरी बदलतो. पाठ करून बसतो.

आता त्या सकाळकडे यायलाच हवं. कुपवाडला कारखान्याचं काम होतं, हेर ब्रांट सोबत होते, पुण्याच्या ऑफिसचे दोघे होते. साहेब पहाटे उठणारे. म्हणाले, गाव दाखवा. कट्टा टाळून गणपतीला नेता आलं असतं. पण मी हिशेब केला होता, अक्का. गुरुवारी तू धुवायला नदीवर असतेस. मुद्दाम गुरुवार धरला होता. तुला भेटायला सांगलीत चार दिवस होते आणि मी तू नसशील तो दिवस शोधत होतो.

तू होतीस. साहेबांनी विचारलं, ही बाई काय करते? पुण्याचे दोघे ऐकत होते. मी म्हणालो, "म्युनिसिपल स्वीपर." इंग्रजीत म्हणालो, पण हे दोन शब्द सांगलीत कुणाला कळत नाहीत? तू वर बघितलंस. तुझ्या ओठावर 'वासू' आलं होतं, मला दिसलं. मग तुला माझा चेहरा दिसला. तू पुन्हा वाकलीस. आणि कुंच्यानं धुळीचा ढीग बाजूला ओढून साहेबांना वाट दिलीस. त्यांनी फोटो काढला, आम्ही पुढे गेलो. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

ती वाट देणं माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

आणि मी कुणाबद्दल असं बोललो? तू सातवीत शाळा सोडून आबांबरोबर कट्ट्यावर जायला लागलीस, म्हणून मला घरी बसून अभ्यास करता आला. तेव्हा मला लाज नव्हती वाटत. नंतर वाटायला लागली. शिकलो तसतशी वाढली. इथे अन्वीला मी सांगितलंय की आजोबा सोन्याच्या व्यवसायात होते. खोटं नाही आणि खरंही नाही.

मशीनचं सांगायचं राहिलंच. आता अगदी बाटलीची झाकणं आणि खिळे यांच्यातला फरक कानानं कळतो. पहिल्यांदा मी एक शहाणपणा केला. मशीनला एक सोय असते, लोखंड आलं की बोलू नको असं त्याला सांगता येतं. मी खूश, कचरा खणायला नको. हेर ब्रांटनी पुरलेली कणी मग काही केल्या सापडेना. पुस्तकात छोट्या अक्षरांत लिहिलं होतं, ही सोय चालू ठेवली तर बारीक सोनंही ऐकू येत नाही. सोनं शोधायचं तर सगळा कचरा ऐकावा लागतो. मी ती सोय बंद केली. गेल्या शनिवारी एकोणीस खिळे, तीन झाकणं, कुणाचं तरी एक बटण आणि शेवटी ती कणी. इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता आठवत नाही.

तू माझ्याशी बोलत नाहीस ते बरोबर आहे. तरी बोल.

वासू


डार्मश्टाट, १५ जून २०२५

अक्का,

काल आम्ही ऱ्हाईन नदीवर गेलो. सांगतो ते सावकाश वाच.

इथे मशीन घेऊन कुठेही जाता येत नाही, सरकारी गेनेमिगुंग लागते, परवानगी. हेर ब्रांटनी कागदांची एक जाड फाइल केली आहे, नदीवरही बरोबर होती. पाऊस नाही, नदी खाली गेली होती, काठाला गोट्यांचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता. सकाळी सहाला पोचलो. पाण्यावर धुकं, पलीकडून एक मालवाहू बोट इतक्या हळू चालली होती की काठच सरकतोय असं वाटावं. त्यांनी घडीची खुर्ची उघडली. मी रबरी बूट घातले, या वेळी पोलाद नव्हतं.

तीन तास. जमीन शिकवली, तबकडी फिरवली, ओळीनं, घाई न करता. निघालं काय? खिळे, झाकणं, एक चमचा. सोनं एकदाही बोललं नाही. हेर ब्रांटचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनीच पुस्तक काढून वाचलं आणि मिटलं. या नदीतलं सोनं आल्प्समधून वाहत येतं. येता येता घासून इतकं पातळ होतं की मशीनला ते ऐकूच येत नाही. एवढं नवं मशीन, आणि या नदीपुरतं बहिरं. म्हणाले, "मी उत्साहात हे पान वाचलंच नाही."

परत निघायचं म्हणून मी हेडफोन न काढताच चालायला लागलो. एका मोठ्या दगडाच्या मागे गुणगुणणं बदललं. टोचणारा आवाज नाही, खिळा नाही. सगळी जमीनच जड झाल्यासारखी. पुढे गेलो, नेहमीसारखं. मागे आलो, पुन्हा जड. हेर ब्रांट म्हणाले, मशीन बिघडलं असेल. मी खाली बसलो. वरचे गोटे काढले, बोटानं रेघ ओढली.

काळी वाळू, अक्का.

आबा म्हणायचे तशी. धुताना परातीच्या कडेला काळी दिसली की थांब, जड जडाच्या संगतीनं बसतं. मशीनला सोनं ऐकू येत नव्हतं, पण त्याची सोबतीण ऐकू आली होती. मी हेर ब्रांटची हिरवी प्लास्टिकची परात घेतली, दोन ओंजळी भरल्या आणि गुडघाभर पाण्यात बसलो. मी कधी शिकलो नव्हतो. घाटावर पायरीवर बसून पुस्तक वाचायचो आणि मधूनच मान वर करून तुझे हात बघायचो, तेवढंच. पण हातांना येत होतं. गोल फिरव, कलव, पाण्याला वरचं नेऊ दे. पुन्हा. वाळू कमी होत गेली, काळी रेघ उरली, तिच्यावर मी एक ओंजळ पाणी सोडलं आणि ती रेघ सरकली.

सात कण. नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसणारे, ऊन पडलं की पेटणारे. कुठल्या डोंगरातून निघाले, किती हजार वर्षं वाहत आले, आणि या दगडामागे विसाव्याला थांबले. मी रडत होतो हे मला हेर ब्रांट जवळ आल्यावर कळलं.

ते म्हणाले, "मी बारा वर्षं धुतोय. असे हात मी पाहिले नाहीत. कुणाकडे शिकलात?"

मी सांगितलं. सगळं. "तुमच्या भिंतीवर जी बाई आहे ती झाडूवाली नाही. ती माझी मोठी बहीण आहे. यमुना. सराफ लोक सोनं घासतात, कापतात, त्याचा डोळ्याला न दिसणारा कीस रस्त्यावर उडतो. चाळीस वर्षं ती तो धुळीतून वेगळा काढते. मशीन नाही. परात आणि हात. वडील दोनदा धुवायचे आणि तिसऱ्यांदा तिच्याकडे द्यायचे, कारण त्यांच्या हातून सुटलेलंही तिला सापडायचं. तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं बोललो."

ते गुडघे विसरून गोट्यांवरच बसले.

"रस्त्यावरच्या धुळीतून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नुसत्या नजरेनं? कुठे झाडायचं हे कळतं?"

"आमच्या गल्लीची जमीन तिला पाठ आहे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "दोन वर्षं मी तिच्यासमोर उभा राहून लोकांना सोनं धुण्याबद्दल माहिती देतोय. आणि तुम्ही, हेर झारेकर, तिच्याखाली बसून बॅटरी बदलत होतात." मग थोड्या वेळानं म्हणाले, "हे तुम्ही तिला सांगायला हवं. मला नाही." मला त्यांनी माफ वगैरे केलं नाही. बरंच झालं, ते त्यांच्या हातात नव्हतं.

घरी येऊन अन्वीलाही सांगितलं. ते सात कण घातलेली बाटली तिनं उजेडाला धरली. मग तिनं चक्क मराठीत विचारलं, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

वासू


डार्मश्टाट, २० जुलै २०२५

अक्का,

या पाकिटात दोन गोष्टी आहेत.

एक तुझा फोटो. हेर ब्रांटनी भिंतीवरून काढून तुला परत दिलाय. न विचारता घेतला होता, म्हणाले. मागे त्यांनी तुझं नाव लिहिलंय, माझं अक्षर समोर ठेवून, चित्र काढावं तसं. 'यमुना झारेकर, सोनं धुणारी, सांगली.' अर्धा तास लागला त्यांना. तुझी परवानगी मिळाली तरच दुसरी प्रत काढून लावीन म्हणतात, तीही लेखी. इथल्या लोकांना सगळं लेखी लागतं.

दुसरी ही पुडी. ऱ्हाईनची काळी वाळू. सात कण काढून घेतल्यावर उरलेली, वाळवलेली. मी दोनदा धुतली आहे. माझ्या मते यात आता काही नाही. पण आपल्या घरात तिसऱ्यांदा धुवायचं काम तुझं.

मी चुकलो, अक्का. लाज तुझी नव्हती वाटत, स्वतःची वाटत होती, आणि ती मी तुझ्या अंगावर टाकली. तुझ्यासमोर उभं राहून हे बोलायची हिंमत झाली नाही म्हणून तीन पत्रं मशीनच्या गप्पा मारल्या. म्हणजे त्या गप्पाही खऱ्याच होत्या. तेवढ्या वेळ मला तुझ्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

वासू


सांगली, १७ ऑगस्ट २०२५

वासू,

चारही कागद मिळाले. चुलीत घातले नाहीत, डब्यात आहेत.

फोटो बघितला. पदर घसरलाय. आधी सांगितलं असतं तर सारखा केला असता. त्या साहेबाला सांग, लाव भिंतीवर. आणि हातात आहे तो झाडू नाही, कुंचा आहे. झाडूनं धूळ उडते, कुंच्यानं येते. बारा वर्षं धुतोय म्हणतो आणि एवढं माहीत नाही.

दोनदा धुतलीस म्हणे. कशी धुतलीस ते दिसलं मला. शेवटच्या पाण्याला तू परात उभी धरतोस. आबा ओरडायचे ते माझ्यावर, तुझ्या कानावर पडलं नसेल, तुझं तोंड पुस्तकात. शेवटचं पाणी आडव्या परातीतनं सोडायचं, श्वास धरून. पुडीत नऊ कण निघाले. तुझ्या सातापेक्षा दोन जास्त. खाली चिकटपट्टीखाली लावलेत, मोजून घे. लई पातळ सोनं आहे रे. फुंकर मारायची भीती वाटली. एवढ्या लांबून चालत आलंय. दुपारभर घेऊन बसले होते, शेजारची शांता दोनदा हाक मारून गेली.

आता ऐक. त्या दिवशी ढीग बाजूला ओढला तो साहेबाला वाट द्यायला नाही. तुझ्या बुटाला लागून धूळ गेली असती. आठवड्याची धूळ होती ती, आणि तू बघत नव्हतास कुठे पाय ठेवतोस. एवढंच होतं. तू दोन वर्षं उगाच त्याच गोष्टीवर बसलास.

बाकीचं मात्र खरं आहे. घरी येऊन मी रडले. हे लिहिते, नाहीतर तुला वाटेल हिला काही झालंच नाही. पोरगं मोठं झालं म्हणून आनंद करायचा की त्यानं ओळख दिली नाही म्हणून रडायचं, ते कळेना. दोन्ही केलं.

दिवाळीला ये. सराफ दिवाळीआधी दुकानं झाडून काढतात, वर्षातली सगळ्यात चांगली धूळ तेव्हा निघते. अन्वीला आण, तिचे हात बघायचेत. साहेबाचे गुडघे चालत असतील तर त्यालाही आण. मशीन नको. लोखंडाचे बूट नकोत.

कुंचा नवीन आणून ठेवलाय. पहाटे पाचला कट्ट्यावर. पण अंधारात झाडून पळायचं नाही, दुकानं उघडेपर्यंत थांबायचं. सगळा बाजार येईल. कोण हा म्हणून विचारतील.

मी सांगीन, माझा भाऊ.

यमुना